नवं किट टाकूनही कार्बोरेटर तोच त्रास देतोय? गरम गाडी आयडलिंगला बंद पडत असेल तर तपासणीचा क्रम

गाडी थंड असताना चोक ओढला की पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठते. गरम होईपर्यंत तक्रार नसते. मग आयडलिंग वर-खाली व्हायला लागतं, सिग्नलला ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. कार्बोरेटर गेला असं ठरवून किट आणलं जातं, सगळं खोलून धुऊन परत बसवलं जातं, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

एसयू, सोलेक्स, वेबर, झेनिथ-स्ट्रॉमबर्ग अशा जुन्या कार्बोरेटरांवर हा त्रास मी इतक्यांदा काढलाय, की कुणी 'किट टाकलं' म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किटमध्ये जे येत नाही, त्यातलं काय तपासलंत? पाकिटात गॅस्केट असतात, ओ-रिंग असतात, नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर आला की पेट्रोल रोखणारी सुई) आणि एखादा डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, असतो. झिजलेला थ्रॉटल शाफ्ट (हवेची वाट उघडझाप करणारी बटरफ्लाय चकती जिच्यावर बसते ती दांडी), वाकलेला फ्लँज (कार्बोरेटरचा इंजिनवर बसणारा सपाट तळ), टाकीतला गंज आणि पंपाचा चुकीचा दाब यांचा इलाज पाकिटात नसतो. त्रास परत फिरून येतो तो बहुतेक वेळा या चौघांपैकी कुणामुळे तरी.

लक्षणं नीट ओळखा

गरम झाल्यावर आयडलिंग डोलतं, पण चोक किंचित ओढला की स्थिर होतं. याचा अर्थ मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एक तर कुठून तरी आगंतुक हवा शिरतेय, नाहीतर स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) अर्धवट बुजलाय. या चाचणीला ना पाना लागतो ना पैसा, आणि अर्धं निदान इथेच होतं.

चोक ओढल्यावर उलट आणखी बिघडतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लगवर मऊ कोरडी काजळी दिसते, बॉनेटखाली पेट्रोलचा वास मारतो. हे रिच मिक्श्चर, म्हणजे पेट्रोल जास्त. फ्लोट, नीडल आणि पंपाचा दाब यांच्याकडे जायचं. चोकची केबल आत ढकलल्यावर चोक खरोखर पूर्ण उघडतोय का, हे त्याआधी बघायचं.

आयडलिंग ठीक, पण ऍक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी अडखळते: ऍक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम. एसयू आणि स्ट्रॉमबर्गमध्ये हा पंप नसतो, तिथे डॅशपॉटमधलं, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावरच्या नळीतलं, तेल बघा.

आयडलिंग ठीक, वेगात किंवा चढावर दम तुटतो: पेट्रोल कमी पोचतंय. फिल्टर, पंप, टाकीच्या झाकणाचं भोक.

गरम गाडी बंद केली, दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर उठत नाही, बऱ्याच वेळाने मात्र उठते. इंजिन बंद झाल्यावर पंखा थांबतो, उष्णता वर चढते आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (मिक्श्चर सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांत) उतरतं. कार्बोरेटर खोलून यात काही सापडत नाही. कार्बोरेटरखालचा इन्सुलेटर ब्लॉक आणि हीट शील्ड जागेवर आहेत का बघा. मधल्या हातांनी कुणीतरी ते काढून ठेवलेले असतात.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, म्हणून गाडीपासून लांब कोपऱ्यात पेटलेली शेगडी किंवा हीटरसुद्धा धोक्याचा. काम उघड्यावर करा. पाइप सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा एका भोकात मारला की तो भलत्याच भोकातून बाहेर येतो, आणि ते भोक नेमकं तुमच्या डोळ्यांसमोर असतं.

आधी इग्निशन

कार्बोरेटरचे निम्मे आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यात) असतात असं जुने मिस्त्री म्हणतात, ते खोटं नाही. कमजोर कंडेन्सर थंड असताना गप्प राहतो आणि गरम झाला की दगा देतो. लक्षणं हुबेहूब कार्बोरेटरची. ओळखायची ढोबळ खूण अशी: इग्निशन गेलं तर इंजिन बटण बंद केल्यासारखं एकदम तुटतं, पेट्रोल कमी पडलं तर ते धापा टाकत बसतं.

पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप होणाऱ्या संपर्काचा, गॅप फिलर गेजने मोजा. अनेक लुकास डिस्ट्रिब्युटरांत तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. टायमिंग मागे पडलं की आयडलिंग उतरतं. मग माणूस काय करतो? थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आवळून आयडलिंग वर आणतो. वेबर-सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरांत इथेच घोटाळा होतो. थ्रॉटलचा बटरफ्लाय जरा जास्त उघडला गेला की त्याच्या कडेजवळची प्रोग्रेशनची बारीक भोकं (आयडलिंगवरून वेग घेताना पेट्रोल देणारी) उघडी पडतात आणि इंजिन आयडलिंगलाही त्यांच्यातून पेट्रोल ओढायला लागतं. आता मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, फरक पडत नाही. 'मिक्श्चर स्क्रू चालत नाही म्हणून कार्बोरेटर खोलला' अशा गाड्यांत दोष पॉइंटमध्ये निघताना मी पुष्कळदा पाहिलाय.

म्हणून पॉइंट, कंडेन्सर, प्लग, टायमिंग आणि टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप हे सगळं बरोबर असल्याशिवाय मिक्श्चर स्क्रूला हात लावायचा नाही.

पेट्रोल आणि टाकी

फ्लोट चेंबरकडे येणारा पाइप काढून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या आणि थोडा वेळ तसंच राहू द्या. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. तांबूस भुकटी म्हणजे टाकीतला गंज. बारीक काळे कण दिसले तर रबरी पाइप आतून सुटतोय. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला खातं, शिवाय हवेतला ओलावा धरतं. जुने पाइप बाहेरून धडधाकट दिसतात, म्हणून दाबून न बघता टोक कापून आत बघा. नवे घेताना इथेनॉल चालणारेच घ्या. नीडलचं टोक व्हिटॉनचं (पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं) असेल तर उत्तम.

बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीतलं पेट्रोल काढूनच टाका. त्यातले हलके घटक उडून जातात, उरतो तो चिकट भाग जेटमध्ये पिवळट लाखेसारखा बसतो. टाकी गंजकी ठेवून कार्बोरेटर कितीही चकचकीत केला तरी पहिल्या लांबच्या फेरीतच तो परत भरणार. नुसता फिल्टर लावून भागत नाही, गंजाची पीठासारखी भुकटी साध्या फिल्टरमधून निसटते.

वेगात दम तुटत असेल तर त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' आवाज करत हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट पळाली, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. ते साफ केलं की काम संपलं.

आगंतुक हवा

आयडलिंगला बटरफ्लाय जवळपास बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ खूप जास्त असते आणि आत जाणारी एकूण हवा सगळ्यात कमी. अशा वेळी केसाएवढ्या फटीतून शिरलेली हवासुद्धा मिक्श्चर बिघडवायला पुरते. वेगात तीच गळती मोठ्या प्रवाहात हरवून जाते. रस्त्यावर छान आणि सिग्नलला बंद, याचं कारण हे.

इंजिन गरम, आयडलिंगला चालू ठेवा. साबणाचं पाणी बारीक ब्रशने एकेका जोडावर लावत जा: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डचा जोड, मॅनिफोल्ड आणि हेडचा जोड, ब्रेक सर्व्होची (मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम ऍडव्हान्सची नळी. पाणी आत ओढलं गेलं की इंजिनचा आवाज बदलतो, तीच जागा. बरेच जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर ज्वलनशील फवारा मारणं मला पटत नाही. सर्व्होची नळी एकदा पक्कडीने हलकेच दाबून बंद करून बघा. आयडलिंग सुधारलं तर दोष कार्बोरेटरकडे नाहीच.

शेवटी थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांना, जिथे तो बॉडीतून बाहेर येतो तिथे, इंजिन ऑईलचा एकेक थेंब सोडा. आयडलिंग काही क्षण शहाणं झालं आणि परत डोलायला लागलं, तर शाफ्ट झिजलाय. ते लिहून ठेवा, पुढे त्याचं सविस्तर आहे.

पंपाचा दाब

कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, नवी नीडल टाकली, पुन्हा ओव्हरफ्लो, दुसरी नीडल टाकली. हे चक्र चालू असेल तर नीडलला दोष देणं थांबवा आणि पंपानंतर टी-जोड टाकून दाब मोजा. एसयूसारख्या कार्बोरेटरला साधारण २ ते ३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) पुरतो. जुना मेकॅनिकल पंप गेला म्हणून त्याच्या जागी कुणी सरसकट कुठल्याही गाडीला लागणारा इलेक्ट्रिक पंप बसवलेला असतो आणि तो याच्या दुप्पट दाब देतो. फ्लोट पेट्रोलवर तरंगून जेवढ्या जोराने नीडल दाबतो, त्याहून पंपाचा जोर जास्त झाला की नीडल उचलली जाणारच, मग ती कितीही नवी असो. रेग्युलेटर लावा किंवा योग्य पंप बसवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर चुकूनही नको, तो ४० पीएसआयच्या घरात असतो.

फ्लोट चेंबर, गाडीवरच

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर आता झाकणाचे स्क्रू. बऱ्याच मॉडेलांत त्यासाठी कार्बोरेटर उतरवावा लागत नाही. सोलेक्सवर आयडल कट-ऑफ सोलेनॉइड (आयडलिंगचं पेट्रोल विजेने उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याच्याआधी तो बघा: चावी ऑन केली की 'टिक' आवाज यायला हवा. नाही आला तर वायर सुटलीय किंवा सोलेनॉइड गेलाय, आणि मग आयडलिंग लागणारच नाही.

झाकण काढल्यावर तळाशी काय साचलंय ते पुसण्याआधी नीट बघा. तो टाकीचा रिपोर्ट असतो. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून जड झालाय. त्याला डाग देऊन वापरायचा मोह टाळा, आतल्या वाफेमुळे फ्लोट हातात फुटू शकतो. नवा घ्या.

झाकण उलटं धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होईल. पेट्रोल येण्याच्या नळीला स्वच्छ रबरी तुकडा लावून तोंडाने हळू फुंका. हवा गेली तर नीडल किंवा तिची सीट गळतेय. फ्लोटची उंची पुस्तकात दिलेल्या मापाच्या ड्रिल बिटचा दांडा मध्ये सरकवून तपासता येते, पण माप गॅस्केट धरून आहे की सोडून, ते वाचून घ्या. पातळी वर गेली की पेट्रोल नोझलच्या तोंडाशीच उभं राहतं आणि थोड्याशा ओढीनेही सांडतं, म्हणजे रिच. खाली गेली की लीन.

कार्बोरेटर उतरवून खोलणं

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, किती फेरे लागले ते लिहा, मग काढा. आत टेकल्यावर आवळलात तर त्याच्या सुईसारख्या टोकाला कडं पडतं आणि तो परत कधी नीट लागत नाही. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. जेट पितळेचे असतात. खाचेत घट्ट बसेल असा स्क्रू-ड्रायव्हर नसेल तर घासून बनवा, पण सैल टोकाने प्रयत्न करू नका.

जेटमध्ये तार घालायची नाही. वेबर आणि सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग: १२५ म्हणजे १.२५ मिमी. तारेने घासून तो १.३० झाला तर डोळ्याला दिसत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्या जेटवरचा १२५ आता खोटा. क्लीनरमध्ये भिजवा, नायलॉनच्या केसाने फिरवा, हवा मारा आणि उजेडाकडे धरून बघा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे.

रबर, डायफ्रॅम, प्लास्टिकचा फ्लोट क्लीनरमध्ये बुडवू नका. फ्लोट आणि नीडल जागेवर असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पितळी फ्लोट चेपतो. बॉडी बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची असते, पाण्याने किंवा अल्ट्रासॉनिकमध्ये धुतली तर लगेच हवेने कोरडी करा, नाहीतर आतल्या वाटांमध्ये पांढरी भुकटी धरते.

एसयू असेल तर पिस्टन आणि त्यावरचा घुमट ही जोडी एकत्रच मापलेली असते. दोन कार्बोरेटरांच्या गाडीत त्यांची अदलाबदल केलीत की दोन्ही बिघडले. फिक्स्ड नीडलच्या (ही पिस्टनला लावलेली, जेटमध्ये उतरणारी सुई; फ्लोटची नीडल वेगळी) जुन्या एसयूत जेट मध्यावर आणावा लागतो; पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो खाली टेकताना स्वच्छ 'टक' वाजला पाहिजे. घासत, गुपचूप खाली आला तर जेट बाजूला सरकलाय. स्ट्रॉमबर्गमध्ये रबरी डायफ्रॅम उजेडाकडे ताणून बघा, सुईएवढं भोकसुद्धा पिस्टनला वर चढू देत नाही.

नवं गॅस्केट बसवण्याआधी जुन्यावर ठेवून सगळी भोकं जुळवा. एक किट चार मॉडेलांना चालतं म्हणून विकलं जातं, आणि एखादं भोक कमी असलेलं गॅस्केट स्लो जेटची वाटच बंद करून टाकतं.

फ्लँज आणि शाफ्ट: परत येणाऱ्या त्रासाचं मूळ

फ्लँज जाड काचेवर ठेवा. ०.१ मिमीची पट्टी खालून सरकली तर तो वाकलाय. वर्षानुवर्षं नट गच्च आवळल्याने कान खाली झुकतात आणि मधला भाग उचलला जातो. काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा, फ्लँज इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत घासा, दर थोड्या वेळाने दिशा बदला. सगळीकडे सारखा मंद रंग आला की थांबा. बसवताना दोन्ही नट आलटून पालटून, हाताच्या बेताने. फट सिलिकॉनने भरण्याचा उद्योग नको. पेट्रोलने तो फुगतो आणि त्याचे तुकडे थेट जेटकडे जातात.

शाफ्टचं तोंड धरून वर-खाली हलवा. किंचित सैलपणा चालतो, पण बोटाला स्पष्ट 'खट' लागत असेल तर तिथून हवा शिरते. त्यातही शाफ्ट दर वेळी बसताना जागा बदलतो, म्हणून आयडलिंग एकदा ९०० तर एकदा १४०० वर अडकतं आणि सेटिंग कधी टिकत नाही. किट टाकून थोडे दिवस बरं वाटतं, कारण सेटिंग नव्याने केलेलं असतं. शाफ्ट नवा टाकून भागेल का, हे नवा शाफ्ट जुन्या भोकात घालून हलवल्यावर कळतं. तरीही हलला तर बॉडी झिजलीय आणि बुश, म्हणजे भोकात बसवायची धातूची नळी, लागणार.

शाफ्ट काढायचाच असेल तर बटरफ्लायचे स्क्रू बघा. त्यांची टोकं मागून मुद्दाम पसरवलेली असतात. ती घासून सपाट केल्याशिवाय फिरवलेत तर स्क्रू तुटतो किंवा शाफ्टचे आटे जातात. बसवताना नवे स्क्रू, बटरफ्लाय जुन्या बाजूनेच, आणि आवळण्याआधी तो बंद करून भोकात आपोआप मध्यावर येऊ द्या. टोकं परत पसरवायला विसरू नका; सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो.

परत बसवल्यावर

इंजिन सुरू करण्याआधी पंपाने चेंबर भरू द्या आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. मिक्श्चरचं सेटिंग इंजिन पूर्ण गरम असताना, एअर फिल्टर बसवून. एसयूत उचलण्याच्या पिनने पिस्टन जेमतेम १ मिमी वर करा: आरपीएम वाढून वाढलेलंच राहिलं तर रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. जोडीचे कार्बोरेटर असतील तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीने प्रत्येकाच्या तोंडाशी धरा, दोन्हींचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत जुळवा. हे झाल्यावरच मिक्श्चर.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

बॉडीला बुश बसवायचं काम घरच्या ड्रिलने करू नका. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत रीम करावी, म्हणजे नेमक्या मापाला कातावी, लागतात. रेषा जरा चुकली की शाफ्ट अडकतो आणि उघडा राहिलेला थ्रॉटल म्हणजे पळत सुटलेली गाडी. जस्ताच्या बॉडीतले आटे गेले, त्यात स्क्रू तुटला, किंवा बॉडीला तडा दिसला तरी तेच. पेट्रोल कुठून गळतंय ते सापडत नसेल तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. आणि वरचं सगळं करून एखादा सिलिंडर साथ देत नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. व्हॉल्व्ह जळालेल्या इंजिनला जगातला कुठलाही कार्बोरेटर आयडलिंगला धरून ठेवू शकत नाही.

लेथवाल्याकडे नेताना बॉडी, जुना शाफ्ट, नवा शाफ्ट आणि बटरफ्लाय सगळं एकत्र न्या. बुशचं आतलं माप तो नव्या शाफ्टवर मोजूनच काढतो. जेट आणि फ्लोट मात्र घरीच ठेवा.